सात फुटांचं कुंपण

अर्धांगाच्या झटक्यानंतर तब्बल अकरा महिन्यांनी मिस्त्रींच्या तोंडून पहिलं अख्खं वाक्य निघालं, आणि ते निघालं शेजारणीसमोर.

त्यांची बायको तेव्हा खिडकीपाशी मशीनवर बसून पडदे शिवत होती. बावीस वर्षं ती घरी पडदेच शिवत आली होती, म्हणून सगळे तिला पडदेवालीच म्हणायचे. एका हॉटेलचे चौदा पडदे महिनाअखेरीला द्यायचे होते. चुण्या घालता घालता तिचा पाय थांबला, कारण बाहेर अंगणात नवऱ्याचा आवाज आला. कुंपणाला टेकून, काठी फळीला अडकवून ते शेजारच्या वाफ्यांकडे बघत होते.

"यंदा... टोमॅटोला... कीड नाही लागली... वाटतं."

एवढंच. पलीकडून टेलिफोनबाई म्हणाली, "नाही लागली. पण खारी येतात हो, त्यांचं काय करू?" आणि मिस्त्री हसले. घशातून खर्र आवाज काढून हसायची त्यांची जुनी सवय. ते हसू पडदेवालीने अकरा महिन्यांत ऐकलं नव्हतं.

तिला आनंद व्हायला हवा होता. झालाही, पण श्वासभरच. मग तिने मशीनचं चाक हाताने धरून ठेवलं. अकरा महिने ज्या तोंडात घास घातला, ज्या तोंडाची लाळ पुसली, ज्या तोंडासमोर "क कपाचा, द दाराचा" करत सकाळ-संध्याकाळ चित्रांचे पत्ते धरले, त्या तोंडातलं पहिलं वाक्य टोमॅटोला जावं?

मिस्त्री लिफ्ट दुरुस्तीचं काम करायचे. अठ्ठावीस वर्षं शहरातल्या उंच इमारतींच्या लिफ्ट वरखाली नीट धावतात त्या आपल्यामुळे, असा त्यांचा रास्त अभिमान होता. कामावर असतानाच त्यांना झटका आला. उजवा हात लुळा पडला, उजवा पाय फरफटू लागला आणि बोलणं गेलं. म्हणजे सगळं कळायचं, डोक्यात शब्द असायचा, पण तो जिभेवर यायचा नाही. पाणी हवं असलं की "ते... ते..." करत हात हलवायचे. पडदेवाली चलाख. ती लगेच म्हणायची, "पाणी?" ते मान हलवायचे. काम भागायचं. हळूहळू तिला त्यांच्या नुसत्या भुवईवरून कळायला लागलं. उकडतंय, पाठ खाजतेय, वर्तमानपत्र हवंय, हे नकोय. घरात "हो", "नको" आणि "ते" या तीन शब्दांवर सगळा कारभार चालला होता, आणि तो इतका सुरळीत चालतो याचं तिला कौतुकही होतं. आल्यागेल्याला ती सांगायची, "यांना बोलावंच लागत नाही, मला सगळं कळतं."

टेलिफोनबाई शेजारी राहायला आली त्याला आठ महिने झाले होते. साठीची, उंच, एकटी. केस मानेवर कापलेले. तीस वर्षं टेलिफोन कचेरीत लोकांचे फोन जोडून दिलेले, म्हणून आळीने तिला हे नाव चिकटवलं होतं. आल्या आल्या तिने घरामागे वाफे काढले आणि ती दिवसभर मातीत हात घालून बसायची. दोन घरांच्या मध्ये चार फुटांचं लाकडी कुंपण होतं. ती उभी राहिली की तिचे खांदे कुंपणावरून दिसायचे.

"काय मिस्त्री, आज कुठला मजला?" हा तिचा रोजचा प्रश्न, म्हणजे तब्येत आज कितपत वर चढली.

सुरुवातीला मिस्त्री बोटं दाखवायचे. दोन, तीन. मग एकदा "चौ...था" म्हणाले. पुढे "पाचवा, पण... लाइट गेली." असं करत करत प्रकरण टोमॅटोपर्यंत आलं होतं आणि पडदेवालीला त्याचा पत्ताही नव्हता, कारण मशीनच्या घरघरीत तिला काही ऐकू यायचं नाही.

आता मात्र ती ऐकू लागली. दहा वाजता मिस्त्री काठी घेऊन बाहेर पडले की ती मशीन बंद करायची आणि हाताने टाके घालायचं काम काढून खिडकीशी बसायची. खिडकी उघडी, हवा यावी म्हणून. काही शब्द कळायचे, काही वाऱ्यावर जायचे. जे कळायचे नाहीत ते जास्त सलायचे. चाळीस मिनिटं, कधी पन्नास. एक दिवस एक तास पाच मिनिटं. ते आत आले की ती सहज विचारल्यासारखं विचारायची, "काय म्हणत होती?"

"ते..." मिस्त्री म्हणायचे आणि हात हलवायचे.

"टोमॅटोचं?"

"हो."

संपलं. बाहेर तासभर गप्पा आणि घरात "हो".

एके दिवशी तीही बाहेर गेली. चहाचे कप घेऊन, हसतमुखाने. कुंपणाशी पोचली तर मिस्त्री काहीतरी सांगत होते, "मग मी त्या... त्या... साहेबाला..." तिला पाहिलं आणि ते गप्प झाले. टेलिफोनबाईने चहा घेतला, छान झालाय म्हणाली, हवापाण्याचं बोलली. मिस्त्रींनी पुढे अवाक्षर काढलं नाही. रिकामे कप घेऊन परत येताना पडदेवालीच्या कानशिलांतून वाफा निघत होत्या. पुढचे तीन दिवस ती धुसफुसत होती. मिस्त्री बाहेर जाण्याआधी दाढी करायला लागले होते, हे तेव्हाच तिच्या लक्षात आलं. डाव्या हाताने, वेडीवाकडी, हनुवटीखाली खुंट ठेवून. आणि शर्टही निळाच हवा असायचा.

तिने धाकट्या बहिणीला फोन केला.

"ताई, अगं साठीच्या बाईवर काय जळतेस?" बहीण हसायला लागली.

"मी कुठे जळतेय? दहा वाजले की उन्हात उभे राहतात, डोक्याला ऊन लागेल, एवढंच म्हणतेय."

"मग टोपी दे."

"तुला काही सांगण्यात अर्थ नाही," म्हणून तिने फोन ठेवला. त्याच आठवड्यात हॉटेलचे तीन पडदे वीतभर आखूड निघाले. बावीस वर्षांत मापाची चूक पहिल्यांदाच. उसवताना तिने ठरवून टाकलं. कुंपण उंच करायचं. चांगलं सात फूट. मग बघू कोण कुणाला मजला विचारतं.

सुतार आला, त्याने कुंपणाला हलवून बघितलं आणि कानामागची पेन्सिल काढली.

"खांब मजबूत आहेत. फळ्या चढवायला दोन दिवस. पण ताई, सात फूट नाही जमायचं. दोन घरांमधलं कुंपण चार फुटांच्या वर नाही, असा नियम आहे. मी चढवीन, आणि आठ दिवसांत पालिकेचा माणूस उतरवायला लावेल."

"मग करायचं काय?"

"सूट मागा. अर्ज असतो. कारण पटलं तर देतात."

नगरपालिकेत बांधकाम विभागाच्या खिडकीशी ती दीड तास उभी राहिली. कारकुनाने अर्ज सरकवला. नाव, मिळकतीचा क्रमांक, सध्याची उंची, हवी असलेली उंची, आणि खाली 'सूट मागण्याचे कारण', त्यापुढे तीन रेघा.

"कारण थोडक्यात लिहा," कारकून म्हणाला. "लोक आत्मचरित्र लिहितात. शेजाऱ्याचा आजोबा कसा होता इथपासून."

पडदेवालीने पेन उचललं. खरं कारण तीन रेघांत काय, तीन शब्दांतही बसलं असतं. तिने लिहिलं : 'रस्त्याची धूळ येते. घरात रुग्ण असून त्यांना शांतता आवश्यक आहे.' अक्षर एरवीपेक्षा जरा जास्तच वळणदार आलं.

"घर दोघांच्या नावावर आहे," कारकुनाने कागद उलटून पाहिला. "इथे मिस्टरांची सही लागेल. आणि सुनावणीला दोघांनीही यायचं."

सहीसाठी तिने घरी येऊन मिस्त्रींपुढे कागद ठेवला. बोट ठेवून दाखवलं, "इथे."

"काय... हे?"

"कुंपणाची दुरुस्ती," ती म्हणाली. तिच्या तोंडून ते पटकन निघून गेलं. दुरुस्ती म्हटल्यावर मिस्त्रींनी दुसरा प्रश्न विचारलाच नाही. डाव्या हातात पेन धरून, जीभ दातांत पकडून त्यांनी सही केली. चार मिनिटं लागली. शेवटची रेघ मारून त्यांनी तिच्याकडे अशा अभिमानाने पाहिलं की तिला कागद ओढून घेताना चोरी केल्यासारखं वाटलं. पण ती त्याच दुपारी जाऊन अर्ज देऊन आली.

दहा दिवसांनी पालिकेच्या माणसाने दोन्ही फाटकांवर कुंपणाच्या उंचीबद्दल हरकती मागवणारी नोटीस डकवली. मिस्त्री फाटकापाशी उभे राहून एकेक ओळीखाली बोट फिरवत वाचू लागले. पडदेवाली खिडकीतून पाहत होती. वीस मिनिटं ते हलले नाहीत. मग आत आले, खुर्चीत बसले.

"सात?"

"धूळ येते हो," ती म्हणाली. "केवढी धूळ येते."

"धू...ळ," मिस्त्री म्हणाले. तिला वाटलं होतं, चिडतील, काठी आपटतील. त्यांनी वर्तमानपत्र उघडलं. दुसऱ्या दिवशी दहा वाजता पुन्हा निळा शर्ट. फरक एवढाच की आता कुंपणाशी दोघंही हळू आवाजात बोलायला लागली. कान देऊनही तिला काही कळेना, आणि तिच्या जिवाची आणखीच तगमग झाली.

तिसऱ्या दिवशी दुपारी टेलिफोनबाई दारात उभी राहिली. हात धुऊन आली होती, पण नखांत माती होतीच. मिस्त्री आत झोपले होते.

"मी हरकत घेणार नाहीये," ती म्हणाली. "तेवढंच सांगायला आले."

"घ्या ना. तुमचा हक्कच आहे तो."

"दुपारनंतर माझे वाफे सावलीत जातील. जाऊ देत. पालेभाजी लावीन." "एक विचारते, राग मानू नका. माझ्यामुळे चाललंय का हे?"

"छे! धुळीमुळे."

टेलिफोनबाईने मागे वळून पाहिलं. गल्ली गेल्याच वर्षी सिमेंटची झाली होती आणि सकाळीच झाडलेली होती.

"बरं," ती म्हणाली. पायरी उतरताना पुन्हा वळली. "त्यांच्या बोलण्यात जास्त करून तुम्हीच असता."

हे ऐकून एखादीचा जीव भांड्यात पडला असता. पडदेवालीने दार लावलं आणि त्याला पाठ टेकून उभी राहिली. माझ्याबद्दल बोलतात? काय बोलतात? जे माझं आहे ते मला सांगायचं सोडून हिला सांगतात? आणि ही वर मला येऊन सांगते, उपकार केल्यासारखी! हरकत घेतली असती तर भांडता तरी आलं असतं. त्या बाईच्या चांगुलपणाने तिच्या अंगाची नुसती लाहीलाही झाली.

मध्ये एक दिवस पालिकेचा अभियंता पाहणी करून गेला. त्याने टेप लावून कुंपण मोजलं. मग खिडकीच्या चौकटीवरून बोट फिरवलं, ते बोट उजेडात धरून पाहिलं आणि वहीत काहीतरी लिहिलं. पडदेवालीचं घर आरशासारखं स्वच्छ असायचं, ते त्या दिवशी तिच्याच मुळावर आलं.

सुनावणी सकाळी अकराला होती. लांब टेबलामागे तिघं बसले होते. मध्ये अध्यक्षबाई, चष्म्याला साखळी लावलेल्या, एका बाजूला तोच अभियंता आणि दुसऱ्या बाजूला एक गृहस्थ, जे सारखे घड्याळ बघत होते. आधीचं प्रकरण एका माणसाचं होतं. त्याला कबुतरांच्या त्रासापायी गच्चीला काच बसवायची होती आणि पुरावा म्हणून त्याने एकोणतीस फोटो आणले होते. ते सगळे बघण्यात अर्धा तास गेला. टेलिफोनबाई मागच्या रांगेत येऊन बसली होती.

मग यांचं नाव पुकारलं गेलं.

"धूळ," अध्यक्षबाई अर्ज वाचत म्हणाल्या. अभियंत्याने त्यांच्या कानात काहीतरी सांगितलं. "पाहणीत धूळ आढळली नाही म्हणतात. दुसरं कारण शांततेचं. त्याबद्दल सांगा."

पडदेवाली उभी राहिली. घरून पाठ करून आली होती. "यांना अर्धांगाचा झटका येऊन गेला. बोलायला त्रास होतो. आणि लोक... म्हणजे कुंपणावरून लोक यांना बोलायला लावतात. तासतासभर. दम लागतो, ऊन लागतं. डॉक्टरांनी विश्रांती सांगितलीय."

"यांना स्वतःला काय वाटतं?"

"त्यांचंही हेच म्हणणं आहे की—"

"बाई, त्यांना सांगू द्या."

मिस्त्री काठीवर जोर देऊन उठले. तोंड उघडलं. काही आलं नाही. खोलीत सगळे त्यांच्याकडे पाहत होते. घड्याळवाले गृहस्थ घड्याळ पाहायचे थांबले. पडदेवालीच्या जिभेवर शब्द तयार होता, तिने ओठ हलवलेही, पण अध्यक्षबाईंनी नुसता हात वर केला.

"धूळ... नाही," मिस्त्री म्हणाले.

तिने डोळे मिटले.

"हिला... राग येतो. मी तिकडे... बोलतो. इकडे... नाही बोलत. म्हणून... सात फूट."

मागे कुणीतरी खोकलं. पडदेवालीला वाटलं, जमीन फाटावी आणि आपल्याला पोटात घ्यावं.

"मग इकडे का बोलत नाही?" अध्यक्षबाईंनी विचारलं. हा प्रश्न काही नियमात बसणारा नव्हता, पण विचारला खरा.

मिस्त्रींनी बराच वेळ घेतला. "ही... हुशार आहे. मी तोंड... उघडेपर्यंत... हिचं वाक्य... संपलेलं असतं."

खोली हसली. कबुतरवालासुद्धा हसला. टेलिफोनबाई तेवढी हसली नाही.

"हसू... नका," मिस्त्री जोरात म्हणाले. "हिने मला... हिने..." शब्द येईना. मानेची शीर फुगली. सगळे थांबले. "...उभं केलं. हिने. अकरा... महिने." आणि ते खाली बसले.

अध्यक्षबाईंनी चष्मा काढला, पुन्हा लावला. दोघा सदस्यांशी दोन शब्द बोलल्या. "हे बघा, सूट द्यायची तर अडचण जागेची असावी लागते. उतार असतो, नाला असतो, वळणावरचा रस्ता असतो. तुमची अडचण आहे, खरी आहे, ती मला दिसते. पण ती जागेची नाही. अर्ज नामंजूर."

बसमध्ये दोघं शेजारी बसून आले, पण एकमेकांकडे पाहिलं नाही. टेलिफोनबाई त्या बसला चढलीच नाही. "मला जरा बाजारात जायचंय," म्हणाली.

घरात पाय ठेवताच पडदेवालीने पर्स कॉटवर फेकली.

"चार लोकांत माझी शोभा केलीत! हसले सगळे! ती मागे बसलेली, तिच्यासमोर!"

"तू..." मिस्त्री म्हणाले.

"काय मी? मी काय वाईट केलं?"

"तू... स... स..."

ती 'सुनावणी' म्हणणार होती, पण तेवढ्यात त्यांनी हात आपटला. "सही! दुरुस्ती... म्हणालीस. खोटं."

तिचा आवाज एकदम बसला. मग पुन्हा चढला, कारण आता थांबणं तिला शक्य नव्हतं. "हो, म्हणाले खोटं! मग काय करू? अकरा महिने मी तुमचं तोंड बघत होते, आज बोलतील, उद्या बोलतील. रात्रीचं दूध, सकाळची गोळी, ते पत्ते, क कपाचा आणि द दाराचा! आणि बोललात कुणाशी? टोमॅटोशी! मी चहा घेऊन आले तर मला बघून तोंड मिटलंत. माझ्याशी का नाही? ती कोण लागते तुमची?"

"कुणी... नाही. म्हणून."

"म्हणून म्हणजे?"

"तिच्यासमोर... चुकलं... तर चालतं."

पडदेवाली कॉटवर बसली. ती पदराच्या टोकाला पीळ घालत राहिली. लग्नाला तीस वर्षं झाली होती, आणि आजारपणानंतर हे त्यांचं पहिलं भांडण. भांडणाला दोन माणसं लागतात, आणि आज कितीतरी दिवसांनी घरात दोन माणसं होती, हे तिला हळूहळू जाणवत होतं. तरी मनातली ठसठस जाईना.

"काय बोलता तिच्याशी?" तिने शेवटी विचारलं. "मला सांगा. सगळं."

"वेळ... लागेल."

"लागू दे."

मिस्त्री समोरच्या खुर्चीत सरकून बसले आणि सांगू लागले. त्या दिवसाचं. झटका आला त्या दिवसाचं. तिला आजवर एवढंच माहीत होतं की कामावर चक्कर आली आणि लोकांनी दवाखान्यात नेलं. खरं असं होतं की ते एका आठ मजली इमारतीत, लिफ्टच्या तळाशी जो खड्डा असतो, त्यात उतरले होते. कामावरचा जोडीदार वर, शेवटच्या मजल्यावर मोटरपाशी. खाली त्यांच्या हातातला पाना पडला. उचलायला वाकले ते तिथेच कोसळले. शुद्ध होती. वर लिफ्टचा तळ दिसत होता, बाजूला तेलाचा वास. हाक मारायची तर आवाज निघेना. जोडीदाराला वाटलं, मिस्त्री बिडी ओढायला बाहेर गेले. पाऊण तास ते तसेच पडून होते.

हे सगळं आपल्याला चार ओळींत सांगता येतं. मिस्त्रींना दुपारचे साडेचार वाजले. एकेका शब्दासाठी ते थांबायचे, भलतीकडे जायचे, मागे यायचे. 'पाना' म्हणायला त्यांना 'पाणी', 'पान', 'पाय' असं सगळं फिरून यावं लागलं. पडदेवालीने दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले होते. दर वेळी शब्द तिच्या ओठांशी येई आणि ती तो गिळे. एकदा चुकून "मोटर?" म्हणाली. त्यांनी नुसतं पाहिलं. ती पुन्हा गप्प.

"आणि मला तिथे... फार..." मिस्त्री थांबले.

'भीती,' तिच्या मनात आलं. भीतीच वाटणार, दुसरं काय? तिच्या डोळ्यांत पाणी आलं. तिने ओठ दाताखाली धरला आणि वाट पाहिली. रस्त्यावरून एक सायकल गेली. कुणाचं तरी कुत्रं भुंकलं.

"...लाज," मिस्त्री म्हणाले. "लाज वाटली."

"लाज? कसली लाज?"

"अठ्ठावीस वर्षं... लोकांना वर नेलं. आणि मी... तळाला. पँट... ओली. हाक... मारता येईना." त्यांनी मान खाली घातली. "तू बघशील... असं वाटलं."

ती उठली आणि त्यांच्या खुर्चीच्या हातावर टेकली. त्यांच्या डोक्यावर हात ठेवला. मग जे विचारलं ते विचारल्याशिवाय तिला राहवलंच नाही.

"हे तिला सांगितलंत?"

"हो."

तिने त्यांच्या डोक्यावरचा हात काढून घेतला.

"खड्डा... सांगितला. पाना. पाऊण तास," मिस्त्री म्हणाले. मग डोळे वर केले. "लाज... नाही सांगितली."

"मला पहिल्यांदा?"

"तुला."

पडदेवालीने पदराने डोळे पुसले. आता चहा टाकायला हवा होता. दोघांनीही सकाळपासून काही खाल्लं नव्हतं.

पुढे दोघी शेजारणी मैत्रिणी झाल्या, असं काही घडलं नाही. मिस्त्री रोज दहाला कुंपणाशी जातच राहिले, आणि पलीकडून हसू आलं की पडदेवालीच्या मशीनची सुई अजूनही क्षणभर थांबायची. तिने ते टेलिफोनबाईला एकदा सरळ सांगूनही टाकलं, फाटकाशी गाठ पडली तेव्हा. "तुमचा मला फार राग येतो."

"माहितीये," टेलिफोनबाई म्हणाली. "येऊ दे."

मात्र दुपारी तीन ते साडेचार पडदेवाली मशीन बंद ठेवू लागली. गिऱ्हाइकांना सांगायची, तेवढ्या वेळात येऊ नका. का, असं कुणी विचारलं तर म्हणायची, "आमचे मिस्त्री बोलतात तेव्हा."